ड्रमचं श्रुतलेखन

दोस्तांनो, श्रुतलेखनाचा तास माहीत आहे ना? बाई एक वाक्य वाचतात, क्षणभर थांबतात आणि आपली पेन्सिल कागदावर धावायला लागते. पहिला शब्द उतरतो, दुसरा उतरतो, तिसऱ्याला गाडी अडते. ‘बाई, पुन्हा सांगा ना!’ असा गलका होतो. मग बाई तेच वाक्य पुन्हा वाचतात आणि आपल्याला शोध लागतो, की मघाशी आपण जे लिहिलं ते बाई म्हणाल्याच नव्हत्या!

आज तुम्हांला अशाच एका श्रुतलेखनाची गंमत सांगायची आहे. फक्त इथे वाक्य वाचून दाखवणाऱ्या बाई नाहीत. इथे आहे एक ड्रमवाला. तो दोन हात आणि दोन पाय एकाच वेळी चालवतो, तोंडानं एक अक्षर बोलत नाही आणि ‘पुन्हा सांगा ना’ म्हटलं तरी थांबत नाही. त्यानं वाजवलेलं ऐकायचं आणि ठोका न् ठोका कागदावर उतरवायचा. जाझ ड्रम शिकणारी जगभरची मुलं-मुली हा अभ्यास करतात.

‘छे! ड्रम म्हणजे नुसती धडधड. त्यात लिहिण्यासारखं काय असतं?’ असं कुणीतरी म्हणालंच! थांबा जरा. हा लेख वाचून झाल्यावर तोच प्रश्न पुन्हा विचारा.

ड्रमवाल्याचा संसार

जाझ हे मूळचं अमेरिकेतलं संगीत. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला न्यू ऑर्लिन्स या बंदराच्या शहरात, तिथल्या कृष्णवर्णीय वादकांच्या हातून ते घडलं. त्यात एक ठरलेली धून असते. आधी सगळे मिळून ती वाजवतात. मग एकेक जण पुढे येतो आणि त्या धुनेला धरून, त्या क्षणी सुचेल ते वाजवतो. या एकट्याच्या वादनाला म्हणतात सोलो. ट्रम्पेटवाल्याचा सोलो होतो, पियानोवाल्याचा होतो, तसा ड्रमवाल्याचाही होतो.

ड्रमवाल्याचा संसार मोठा असतो बरं का! उजव्या पायाशी आडवा ठेवलेला मोठा बास ड्रम. तो म्हणतो ‘धूम’. डाव्या पायाशी हाय-हॅट, म्हणजे एकावर एक बसवलेल्या दोन झांजा. पायपट्टी दाबली की त्या मिटतात आणि ‘चिक’ असा आवाज येतो. दोन गुडघ्यांच्या मध्ये स्नेअर ड्रम. त्याच्या खालच्या बाजूला तारा ताणलेल्या असतात, म्हणून त्याचा आवाज करकरीत येतो. शिवाय एक लहान टॉम, एक जमिनीवर उभा असलेला मोठा टॉम, आणि वर उभ्या दांड्यांवर बसवलेल्या मोठ्या झांजा. एवढं सगळं एकाच माणसाच्या ताब्यात! म्हणजे आपल्या श्रुतलेखनात एकाच वेळी चार जण बोलत असतात.

मनातला लहरा

तुमच्यापैकी कुणी तबला शिकत असेल, तर पुढची गोष्ट त्याला चटकन समजेल. तबल्याचं एकल वादन चालू असताना शेजारी हार्मोनियमवर किंवा सारंगीवर लहरा वाजत असतो. तबलावादक कितीही लांबची सफर करून आला, तरी लहऱ्याच्या खुणेनं त्याला सम सापडते. जाझमध्ये ड्रमचा सोलो सुरू झाला, की पुष्कळदा बाकीचे सगळे वादक हात खाली घेऊन गप्प बसतात. लहरा धरायला कुणीच नाही! मग आपण कुठवर आलो हे ड्रमवाल्याला कसं कळतं?

तर तो लहरा त्याच्या मनात चालू असतो. खूपशा जाझ धुना ३२ बारच्या असतात. बार म्हणजे मात्रांचा एक छोटा गट, बहुतेक वेळा चार मात्रांचा. आधी आठ बारचा एक तुकडा, मग तोच पुन्हा, मग आठ बारचा एक वेगळा तुकडा आणि शेवटी पहिला तुकडा परत. करा गुणाकार! ३२ गुणिले ४ म्हणजे १२८ मात्रा. हा १२८ मात्रांचा फेरा ड्रमवाला मनातल्या मनात गात असतो आणि हातापायांनी वाजवत असतो. फेरा पुरा झाला की बाकीचे वादक एकदम, बरोब्बर एकाच क्षणी आत शिरतात. ऐकणाऱ्याला वाटतं जादू झाली. जादू कसली? सगळेच जण मनात तीच धून गात होते!

म्हणून या श्रुतलेखनाचा पहिला नियम ऐकून तुम्ही चकित व्हाल. ड्रमचा सोलो लिहायचा असेल, तर आधी धून गाता आली पाहिजे. नाहीतर आपण शब्द लिहू, पण वाक्य कुठे संपलं ते कधीच कळणार नाही.

लहरा कानांनी ऐकू येईल असा एक सोलो मात्र आहे आणि नवशिक्याला तो फार बरा. ‘टेक फाइव्ह’ हे त्या रचनेचं नाव. डेव्ह ब्रूबेक या पियानोवादकाच्या चौकडीनं ती १९५९ साली ध्वनिमुद्रित केली. धून बांधली पॉल डेझमंड या सॅक्सोफोनवादकानं. तिचा प्रत्येक बार पाच मात्रांचा आहे. तीन आणि दोन, तीन आणि दोन, असं मोजून पाहा. ड्रमचा सोलो चालू असताना ब्रूबेक पियानोवर तोच छोटा तुकडा सारखा वाजवत राहतो, अगदी लहऱ्यासारखा. ड्रमवर होता जो मोरेलो. जन्मापासून त्याची नजर अधू होती, पण कान असे तयार, की पाच मात्रांच्या त्या अडनिड्या रस्त्यावर तो आरामात फिरून येतो. घाई नाही, गर्दी नाही. मध्ये मध्ये चक्क गप्प बसतो!

आणि एक गंमत सांगू? या चौकडीनं त्याच्या आदल्याच वर्षी, १९५८ साली, भारताचा दौरा केला होता. मुंबईत ब्रूबेक सतारवादक उस्ताद अब्दुल हलीम जाफर खाँ यांच्याबरोबर वाजवायला बसला, तर मद्रासमध्ये मोरेलोनं मृदंगवादक पळनी सुब्रमण्यम पिळ्ळै यांच्याबरोबर वाजवलं. संगीत वेगवेगळं होतं, पण मात्रा मोजता येत होत्या. काम भागलं!

पाय चालले, हात बोलले

आता आपण लिहायला बसू. त्यासाठी निवडू या मॅक्स रोच या ड्रमवाल्याची एक रचना. रोचचा जन्म १९२४ सालचा, अमेरिकेच्या नॉर्थ कॅरोलायना राज्यातला. वाढला न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागात. विशीत असतानाच तो चार्ली पार्कर या थोर सॅक्सोफोनवादकाबरोबर वाजवू लागला. पुढे तो विद्यापीठात शिकवतही होता. १९८८ साली त्याला अमेरिकेतली मॅकआर्थर फेलोशिप मिळाली. हा मान मिळवणाऱ्या सुरुवातीच्या जाझ वादकांपैकी तो एक. २००७ साली तो वारला.

‘ड्रम्स अनलिमिटेड’ ही त्याची तबकडी १९६६ सालची. तिच्यातल्या तीन रचनांमध्ये ड्रमशिवाय दुसरं एकही वाद्य नाही. त्यांतल्या एकीचं नाव ‘द ड्रम ऑल्सो वॉल्ट्झेस’. वॉल्ट्झ हा युरोपातला तीन मात्रांचा नाच. म्हणजे रोच सांगतोय, ‘अहो, ड्रमसुद्धा वॉल्ट्झ नाचतो!’

या रचनेत त्याचे पाय एकच गोष्ट सारखी करत राहतात. पहिल्या मात्रेला उजवा पाय बास ड्रमवर, दुसऱ्या आणि तिसऱ्या मात्रेला डावा पाय हाय-हॅटवर. धूम-चिक-चिक, धूम-चिक-चिक. आणि या चालत्या पायांच्या वर हात बोलतात. ते एक छोटं वाक्य बोलतात आणि थांबतात. पाय चालूच! मग हात पुढचं वाक्य बोलतात. पायांनी लहरा धरलाय आणि हात गप्पा मारतायत, असं समजा. इथे लहराही त्याचाच आणि तबलाही त्याचाच.

आता घ्या गणिताची चौकोनी वही. अशा पायऱ्या करा:

पहिली पायरी: पेन्सिल खाली ठेवा. नुसतं ऐका. एकदा नाही, तीन-चार वेळा. मग ‘डग-डग-टक’, ‘टाका-टाका-धूम’, तोंडाला येतील त्या बोलांनी बरोबर म्हणायला लागा. जे तोंडानं म्हणता येत नाही, ते नीट ऐकलेलंच नाही असं खुशाल समजा. तबला शिकणारे आधी पढंत का करतात, ते इथे उमगतं.

दुसरी पायरी: रिकामी घरं आखा. चार बार, प्रत्येकी तीन मात्रा, म्हणजे आडव्या ओळीत १२ मात्रा. प्रत्येक मात्रेला दोन चौकोन द्या. ठोके दोन घरांत बसेनात, तर तीन चौकोन द्या. उभ्या बाजूला एकाखाली एक नावं लिहा: लहान टॉम, स्नेअर, मोठा टॉम, बास ड्रम, हाय-हॅट.

तिसरी पायरी: जे सर्वांत सोपं, ते आधी भरा. इथे सोपे आहेत पाय. पहिल्या मात्रेखाली बास ड्रमची फुली, दुसरी-तिसरीखाली हाय-हॅटची. झालं! न घाबरता पान अर्धं भरलंसुद्धा.

चौथी पायरी: आता हात. सगळे ठोके एकदम पकडायला धावू नका. एका खेपेला फक्त स्नेअर ऐका. पुढच्या खेपेला फक्त मोठा टॉम. गर्दीत हरवलेला भाऊ शोधताना आपण त्याचा निळा शर्ट तेवढा बघत जातो ना, तसं!

पाचवी पायरी: अडलात तर वेग कमी करा. पूर्वी काही रेकॉर्ड प्लेअरना मिनिटाला १६ फेऱ्यांचा वेग असायचा. ३३ फेऱ्यांची तबकडी त्या वेगानं लावली की संगीत निम्म्या वेगानं ऐकू यायचं, आणि सगळा सूर एक सप्तक खाली उतरायचा. शिकणारी मुलं सुई उचलायची, मागे ठेवायची, उचलायची, मागे ठेवायची. आज आईच्या मोबाइलवर सूर न बिघडवता वेग निम्मा करता येतो. पण दोन बार वीस वेळा ऐकण्याचा कंटाळा करायचा नाही, हा नियम मात्र जुनाच आहे.

सहावी पायरी: मूळ ध्वनिमुद्रण लावा आणि आपलं लिहिलेलं त्याच्याबरोबर वाजवा. ड्रम नकोत, उशी चालेल. जिथे तुमचा ठोका आणि रोचचा ठोका एकमेकांना धडकतील, तिथे तुमचं चुकलंय. लाल पेन हातात घ्यायला कुणी बाई नकोत. कानच गुण देतो.

चौकोनी वहीत हात बसला, की मग पाच रेघांची पाश्चात्त्य स्वरलिपी शिका. तिच्यात बास ड्रम सर्वांत खालच्या घरात, त्याच्या वर मोठा टॉम, मधल्या वरच्या घरात स्नेअर, सर्वांत वरच्या घरात लहान टॉम, आणि झांजांना फुल्या, अशी मांडणी बहुतेक ठिकाणी दिसते.

कान खोटं बोलतो

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट. सेलवर चालणाऱ्या भिंतीवरच्या घड्याळाखाली जाऊन उभे राहा. काय ऐकू येतं? टिक-टॉक, टिक-टॉक. हो ना? पण नीट विचार करा. घड्याळ तर प्रत्येक सेकंदाला तेच यंत्र तसंच हलवतं. मग टिक वेगळं आणि टॉक वेगळं कुठून आलं? ते आपल्या डोक्यातून आलं! खात्री करायची असेल तर मनाशी ठरवा, की आता तीन-तीन मोजायचे. थोड्या वेळानं तेच घड्याळ टिक-टॉक-टॉक, टिक-टॉक-टॉक म्हणायला लागेल.

म्हणजे आपला कान जे आहे तेवढंच ऐकत नाही. त्याला जे अपेक्षित असतं ते तो भरून टाकतो. सोलो लिहिताना नेमकं हेच होतं. आपल्या हाताला जो तुकडा आधीपासून येतो, तोच आपल्याला रोचच्या वादनात ऐकू येतो. त्यानं दोन ठोके मारून एक जागा मोकळी सोडलेली असते. आपण तिथे तिसरा ठोका लिहून मोकळे! त्या मोकळ्या जागेतच तर खरी गंमत होती, आणि आपण ती बुजवून टाकली.

कुणी म्हणेल, ‘लिहिलेले सोलो पुस्तकांत विकत मिळतात की! मग हा खटाटोप कशाला?’ मिळतात, आणि ती पुस्तकं चांगलीही असतात. पण गणिताच्या पुस्तकात उत्तरं शेवटच्या पानावर असतात, म्हणून उदाहरण सोडवायचं सोडून देतो का आपण? आधी स्वतः लिहा, मग पुस्तकाशी ताडून पाहा. जिथे फरक पडेल तिथे पुस्तकावर एकदम विश्वास ठेवू नका आणि स्वतःवरही नको. पुन्हा ऐका. कारण खरं काय ते पुस्तकाला नाही, ध्वनिमुद्रणाला माहीत आहे.

कागद गप्प राहतो तिथे

कागदालाही सगळं सांगता येत नाही बरं का! दोन उदाहरणं देतो.

पहिलं, कोणता हात? पॅराडिडल नावाचा एक प्रकार ड्रम शिकणारा प्रत्येक जण घोटतो. उजवा-डावा-उजवा-उजवा, डावा-उजवा-डावा-डावा. आठ ठोके. एकाच ड्रमवर हे आठ ठोके वाजवले, किंवा साधे उजवा-डावा-उजवा-डावा असे आठ वाजवले, तर कागदावर दोन्ही अगदी सारखे दिसतील. पण आता उजवा हात टॉमवर ठेवा आणि डावा स्नेअरवर. साध्या आठ ठोक्यांतून निघेल टॉम-स्नेअर-टॉम-स्नेअर. आणि पॅराडिडलमधून? टॉम-स्नेअर-टॉम-टॉम, स्नेअर-टॉम-स्नेअर-स्नेअर. एकदम एक चाल तयार झाली! हात तेच, ठोके तेवढेच. म्हणून लिहून झालं की प्रत्येक ठोक्याखाली ‘उ’ किंवा ‘डा’ लिहून पाहायचं. ऐकून ते कळत नाही. हातांनी करून पाहिलं की कळतं.

दुसरं उदाहरण ऱ्हस्व-दीर्घाचं! आपल्याला ते शुद्धलेखनात छळतं आणि जाझमध्येही त्याची गाठ पडते. जाझमध्ये एका मात्रेचे दोन भाग सहसा सारखे नसतात. पहिला लांब, दुसरा आखूड. डां-ग, डां-ग. याला स्विंग म्हणतात. लिहिताना मात्र बहुतेक वेळा दोन सारखेच स्वर लिहितात आणि वर ‘स्विंग’ एवढा शब्द टाकतात. कारण हा लांब-आखूडपणा ठरलेला नसतो. संथ चालीत फरक जास्त असतो. वेग वाढत गेला की तो कमी कमी होत जवळजवळ सारखा होतो. तो कागदावरून उचलता येत नाही, कानानंच उचलावा लागतो.

आणि कधी कधी तर ध्वनिमुद्रणही गप्प राहतं! ही गोष्ट ऐकाच. बेबी डॉड्स नावाचा न्यू ऑर्लिन्सचा ड्रमवाला होता. १९२३ साली किंग ऑलिव्हरच्या वाद्यवृंदाबरोबर तो इंडियाना राज्यातल्या रिचमंड गावी ध्वनिमुद्रणाला गेला. तेव्हा मायक्रोफोन वापरात नव्हता. भल्यामोठ्या कर्ण्यासमोर वाजवायचं आणि त्या आवाजाच्या धक्क्यानं सुई मेणावर रेघ कोरायची. बास ड्रमचा दणका बसला की सुई उडायची. म्हणून डॉड्सला तिथे मोठे ड्रम बाजूला ठेवून लाकडी ठोकळ्यांवर टकटक करावी लागली. उद्या कुणी ती तबकडी ऐकून प्रामाणिकपणे लिहून काढली आणि म्हणाला, ‘पाहा, डॉड्स बास ड्रम वाजवतच नव्हता,’ तर? अक्षरं बरोबर आणि अर्थ सपशेल चूक!

सुदैवानं १९४६ साली डॉड्सला पुन्हा संधी मिळाली. या वेळी त्यानं एकट्यानं, सगळे ड्रम घेऊन वाजवलं आणि आपण काय करतो ते स्वतःच्या तोंडानं समजावूनही सांगितलं. ते ध्वनिमुद्रण आज आपल्याजवळ आहे. पण बडी बोल्डनचं काय? न्यू ऑर्लिन्समध्ये जाझ घडवणाऱ्या पहिल्या माणसांत या कॉर्नेटवादकाचं नाव घेतात. त्याचं एकही ध्वनिमुद्रण शिल्लक नाही. त्याच्यामागे बसून ड्रमवाला काय वाजवत होता, ते आता कुणीही लिहू शकणार नाही. ऐकणारे होते, टाळ्या होत्या, सगळं वाऱ्यावर गेलं. कुणीतरी ऐकून जपून ठेवणं किती मोलाचं असतं, ते अशा वेळी समजतं.

ही नक्कल नव्हे का?

हा प्रश्न मोठी माणसंही विचारतात. दुसऱ्याचा सोलो घोटला, तर आपलं स्वतःचं काय उरलं?

मॅक्स रोचकडेच बघा ना. त्याच ‘ड्रम्स अनलिमिटेड’मध्ये ‘फॉर बिग सिड’ नावाची रचना आहे. बिग सिड म्हणजे सिडनी कॅटलेट, रोचच्या आधीच्या पिढीतला नावाजलेला ड्रमवाला. तो १९५१ साली वारला. पंधरा वर्षांनी रोचनं त्याच्या नावानं ही रचना केली. नीट ऐकलीत तर समजेल, तिच्यात आधीच्या माणसाची आठवण आहे आणि आवाज मात्र रोचचा आहे. आपणही बोलायला आईचं ऐकूनच शिकलो. म्हणून काय आपण आयुष्यभर आईचीच वाक्यं बोलतो?

तेव्हा सोलो लिहून झाला की वही मिटू नका. खरा अभ्यास आता सुरू होतो. रंगीत पेन्सिली घ्या. जो तुकडा पुन्हा पुन्हा येतो, त्याभोवती लाल चौकट करा. मोकळ्या जागांना निळी. एखाद्या तुकड्याला पुढच्या तुकड्यात उत्तर मिळतंय असं वाटलं, तर दोघांना हिरव्या रेघेनं जोडा. तुम्हांला एक आश्चर्य दिसेल. ऐकताना हजार गोष्टी वाटत होत्या, आणि कागदावर निघाले चार-पाच छोटे तुकडेच! तेच मागे-पुढे, लहान-मोठे, जोरात-हळू केलेले. ती धडधड नव्हती, ते बोलणं होतं.

मग त्यातला एक तुकडा उचला आणि त्याच्याशी खेळा. समजा तुकडा आहे टॉम-टॉम-स्नेअर, एका मात्रेला एक ठोका. पायानं धूम-चिक-चिक चालू ठेवा. स्नेअर पडेल शेवटच्या ‘चिक’वर. आता हाच तुकडा एक मात्रा उशिरा सुरू करा. स्नेअर पडेल थेट ‘धूम’वर. ठोके तेच, आणि गाण्याचा नूरच पालटला! हा बदल रोचनं केलेला नाही, तुम्ही केलात. तुमचं स्वतःचं इथून सुरू होतं.

या आठवड्याचा उद्योग

‘द ड्रम ऑल्सो वॉल्ट्झेस’ शोधा. सुरुवातीला मांडीवर हातांनीच पायांची चाल धरा: एक हात धूम, दुसरा हात चिक-चिक. ती मिनिटभर न चुकता जमली, की हातांचं पहिलं वाक्य तोंडानं म्हणा. मग फक्त चार बार चौकोनी वहीत लिहा. पानाच्या कोपऱ्यात तारीख टाका. दुसऱ्या दिवशी कालचं पान न बघता तेच चार बार नव्या पानावर लिहा आणि दोन्ही पानं शेजारी शेजारी ठेवा. फरक दिसला तर खूश व्हा. एका दिवसात कान तेवढा पुढे गेला!

आई-बाबांसाठी

या अभ्यासाला ड्रम विकत घ्यावे लागत नाहीत. चौकोनी वही, दोन पेन्सिली, एक उशी आणि रोजची वीस मिनिटं पुरतात. शेजारीही तक्रार करणार नाहीत. हेडफोन लावणार असतील तर आवाज बेताचा ठेवायला सांगा, आणि पुढेमागे खऱ्या ड्रमवर बसले तर कानांत बोळे घालायला लावा. लहान कानांना एवढा आवाज सोसत नाही. एक विनंती: मूल तेच दोन बार विसाव्यांदा लावतंय म्हणून ‘पुरे झालं आता’ असं म्हणू नका. अठरा वेळा त्याला जे ऐकू आलं नव्हतं, ते कदाचित एकोणिसाव्या वेळी पुसटसं आलेलं असतं. विसावी खेप खात्री करण्याची असते. जमलं तर शेजारी बसा आणि तुम्हांला काय ऐकू आलं तेही सांगा. दोघांची पानं वेगळी निघाली, तर मोठ्यांचंच बरोबर असेल असं मात्र समजू नका हं!

चला तर, उशी आणि पेन्सिली काढा. धूम-चिक-चिक! पुढच्या अंकात भेटूच.